तारबाबूंचे दहा शब्द

खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला पगार, जात, पाहुणेरावळे यांतलं काहीच विचारलं नाही. माझ्याकडे बघत त्यांनी एकच प्रश्न टाकला, “बाई, रात्री तुमच्या घरचा दिवा कितीक वाजता इझते?”

मी हबकलेच. लग्नाला जेमतेम चार महिने झालेल्या जोडप्याला असं विचारतात? ह्यांनी मान खाली घातली ती वर काढेचनात. मी फणकाऱ्याने म्हणाले, “आम्ही कधी दिवा विझवायचा हे आम्ही ठरवू, त्यात घरमालकाने पडायचं काही कारण नाही.” म्हातारबांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. “तेरा शब्द. तीन फुकट गेले,” असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

पांढरकवड्याला आमचा संसार असा सुरू झाला. मी कन्याशाळेत मराठी शिकवत होते आणि हे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. घरमालक तारघरातून निवृत्त झालेले, म्हणून सगळी गल्ली त्यांना तारबाबू म्हणायची. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. जन्मभर तारयंत्राची पितळी कळ दाबून लोकांच्या मयताच्या बातम्या पाठवल्या आणि घेतल्या. “तार घेऊन गेलं का लोक आधी रडत, मंग वाचत,” असं ते सांगायचे आणि सांगून झाल्यावर स्वतःचे शब्द मोजायचे. तारेत दहा शब्दांपर्यंत एकच दर असायचा. नोकरी सुटली तरी त्यांचा तो दर सुटला नाही. भाजीवालीशी, डॉक्टरशी, देवळात देवाशीसुद्धा ते दहाच्या आत बोलत. समोरचा लांबण लावू लागला की त्यांचा अंगठा पेरांवरून चालू व्हायचा. मी मराठीची शिक्षिका, बोलणं हेच माझं पोट. त्या अंगठ्याचा मला इतका राग यायचा की मी मुद्दाम वाक्यं लांबवायचे.

दुसरा धक्का पहिल्याच उन्हाळ्यात बसला. त्या वर्षांत आमच्याकडे दिवसातून कितीदा वीज जाईल याचा नेम नव्हता. लाईन गेली की अख्खी गल्ली सरकारच्या नावाने बोटं मोडायची. आणि त्याच क्षणी आमच्या डोक्यावरून, स्लॅबवरून, लहान मुलासारखी आरोळी यायची, “लाईन गेली! झकास!” मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पाणी नाही, पंखा नाही, लोक घामाने निथळताहेत आणि म्हातारबांना आनंद! वर जाऊन पाहिलं तर ते एका लांबलचक प्लॅस्टिकच्या नळकांड्याला डोळा लावून बसले होते.

ती त्यांची दुर्बीण, आणि दिव्याचा तो पहिला प्रश्न तिच्यापायी. तिच्यातला आरसा त्यांनी स्वतः घासला होता. डांबराच्या रिकाम्या पिंपावर एक काच ठेवायची, त्यावर दुसरी काच ठेवून घासायची आणि पिंपाभोवती फेऱ्या मारायच्या. एक पावसाळा आणि एक हिवाळा ते पिंपाभोवती फिरत होते म्हणे. खालची लोखंडी बैठक आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांनी वेल्डिंग करून दिलेली. हायवेवरच्या ट्रकांची बेअरिंग त्यात बसवलेली, त्यामुळे ते धूड एका बोटाने फिरायचं. चाचांचा दुर्बिणीवर काडीचा विश्वास नव्हता. “चाँद देखने का तो देखो, पर ये बुढ्ढा चाँद बी नाही पाहत,” असं ते मला हळूच सांगायचे.

ते खरंच होतं. चंद्र, शनीची कडी, लोकांना जे पाहावंसं वाटतं त्यात तारबाबूंना रस नव्हता. ते वाट पाहायचे एका भलत्याच गोष्टीची. सूर्याभोवती लहानमोठे दगड फिरत असतात, लघुग्रह. त्यातला एखादा फिरता फिरता बरोबर एखाद्या ताऱ्याच्या समोर येतो आणि काही सेकंद तो तारा दिसेनासा होतो. “आभायातला गोटा ताऱ्याच्या पुढून जाते. तारा इझते, मंग पेटते,” ही त्यांची व्याख्या. हे पृथ्वीवरून सगळीकडे दिसत नाही. गोट्याची सावली एका अरुंद पट्ट्यातून जाते. पट्ट्यात असाल तर दिसेल, नसाल तर नाही. कोणत्या रात्री, कुठल्या भागात, याचा अंदाज छापलेला कागद त्यांना टपालाने यायचा. तारा कोणत्या क्षणी गेला आणि कोणत्या क्षणी आला हे नोंदवून परत टपालाने कळवायचं. दोन्ही वेळा मिळाल्या तर त्यावरून त्या दगडाची लांबी कळते. एकच वेळ मिळाली तर काहीच कळत नाही.

त्यासाठी त्यांच्याकडे एक वही होती. दोन रकाने, एकावर ‘गेला’ आणि दुसऱ्यावर ‘आला’. मी ती उघडली आणि मला हसावं की रडावं कळेना. पानंच्या पानं एकच शेरा, ‘गेला नाही’. कधी ढग, कधी पट्टा पांढरकवड्यावरून जायचा तो वणीकडे सरकलेला. वर्षानुवर्षं बसून एकदाही तारा गेला नव्हता. मी म्हटलं, “बाबूजी, न घडलेल्या गोष्टींची एवढी मोठी वही मी जन्मात पाहिली नाही.” ते म्हणाले, “गेला नाही, हे बी कोणाले तरी माहीत पाहिजे.” ढग नसताना दिसलं नाही म्हणजे सावली इथून गेली नाही, एवढं तरी पक्कं होतं, असं त्यांचं म्हणणं.

वेळ धरण्याची त्यांची पद्धत अशी. रेडिओवर एक केंद्र लागायचं, जिथे गाणी नाहीत, बातम्या नाहीत, फक्त सेकंदासेकंदाला टिक, टिक. तो रेडिओ आणि एक टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवायचे. तारा जाताक्षणी तोंडाने ‘गेला’ म्हणायचं, दिसताक्षणी ‘आला’. टेपवर टिकटिक आणि शब्द दोन्ही उमटतात. मग दिवसा बसून शब्द कोणत्या टिकटिकीवर पडला ते काढायचं. थंडीत सेल लवकर बसतात म्हणून हिवाळ्यात दोन्ही यंत्रं गोधडीत गुंडाळलेली असत. त्यामुळे शब्द मोठ्याने ओरडावा लागणार होता. पण तारा कधी गेलाच नव्हता, तर ओरडणार काय?

डोळ्याने पाहणं आणि तोंडाने बोलणं यांत प्रत्येक माणसाला थोडा उशीर होतो. तो त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांचा मोजला होता. बॅटरी चमकवायची, समोरच्याने ‘हो’ म्हणायचं, हातात स्टॉपवॉच. माझा निकाल सांगताना त्यांनी सगळ्यांदेखत माझी अब्रू काढली. “बाई, तुमाले उशीर लय. तोंड मात्र आधी चालते.” सगळी गल्ली हसली. सर्वांत कमी उशीर ह्यांचा निघाला. तेव्हा ह्यांनाही हसू आलं होतं, ते मला आठवतं, कारण त्यानंतर पुष्कळ दिवस ते हसले नाहीत.

त्या साली दिवाळीच्या सुमारास पाऊस पडला आणि फुटलेला कापूस वावरात भिजला. केंद्रापुढे बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग हायवेपर्यंत लागायची. माणसं बंडीखालीच झोपायची, तिथेच भाकरी खायची. ग्रेडरचं काम म्हणजे बंडीच्या पोटात हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणून पाहायचा, पिवळा किती, ओला किती, आणि ग्रेड सांगायचा. त्या एका शब्दावर त्या घराचं वर्ष ठरायचं. हे सकाळी जायचे आणि रात्री नऊ-दहाला यायचे. अंगभर कापसाचे तंतू, भुवयासुद्धा पांढऱ्या. मग एक दिवस आले आणि जेवलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, “भूक नाही.” त्यानंतर पाच आठवडे मला ह्यांच्या तोंडून जे शब्द ऐकायला मिळाले, ते तारबाबूंच्या एका तारेत मावले असते.

मी काय केलं? मी भांडले. घरात पाय टिकत नाही, माझ्याशी बोलायला जड जातं, असं काय काय बोलले. तोंड मात्र आधी चालते, हे खोटं नव्हतं.

अशातच तारबाबू दारात आले. “कापसातला पिवळा धागा वळखणारा डोळा मले उसना द्या, बाई.” नवऱ्याला रात्री स्लॅबवर न्यायचं होतं त्यांना. माझा पारा चढला. दिवसभर उभं राहून येणारा माणूस रात्री थंडीत तुमचा गोटा पाहत बसेल? आमच्या ह्यांना तुमच्या नादी लावू नका, स्वतःला संसार नाही म्हणून दुसऱ्याच्या संसारात ढवळाढवळ करू नका, असं मी बोलून गेले. किती शब्द झाले कोण जाणे. त्यांचा अंगठा हलला नाही. ते गेले, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

आता ती रात्र. संध्याकाळी शाळेतून आले, देव्हाऱ्याजवळ दिवा लावायला गेले आणि हात तिथेच थांबला. देव्हाऱ्याच्या फळीवर ह्यांचं घड्याळ होतं. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं, अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या काट्यांचं. आंघोळीखेरीज ते मनगटावरून उतरत नसे. त्या वर्षात आमच्या भागात रोज कुठून ना कुठून बातमी यायची, आणि त्या बातम्यांत नेहमी असं काहीतरी असायचं. चपला विहिरीच्या काठावर नीट काढून ठेवल्या होत्या. खिशातले कागद उशाखाली ठेवले होते. मी घड्याळ हातात घेतलं आणि तशीच दारात जाऊन उभी राहिले.

नऊ वाजले, दहा वाजले. चाचांना हाक मारली. ते लुनावर केंद्रापर्यंत जाऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सेंटर तं कवाचंच बंद झालं, बाई. चौकीदार बोलला, साहब आठ बजेच निकल गये.” तेवढ्यात लाईन गेली. नेहमीची ‘झकास’ ऐकू आली नाही. तारबाबूंचं दार बंद होतं. आमचं बोलणं बंद म्हणून मी ते वाजवलं नाही. त्या मूर्खपणाची मला आजही शरम वाटते.

आम्ही दोघं अंगणात उभे होतो. हायवेवरून ट्रक जात होते. आणि त्या काळोखात एकदम, कुठून ते कळलं नाही, एका पुरुषाचा आवाज ओरडला,

“गेला!”

चाचा म्हणाले, “या अल्लाह.” मी काय केलं ते मला नंतर चाचांनीच सांगितलं. मी किंचाळले म्हणे, आणि मला श्वास पुरेपर्यंत किंचाळत राहिले. मला एवढंच आठवतं की अंगणाची जमीन पायांखाली नव्हती. पाच आठवडे जो शब्द मी मनातसुद्धा येऊ देत नव्हते, तो कोणीतरी माझ्या डोक्यावर उभं राहून सांगितला होता.

मग वरून आवाज आला, “आलो! आलो!” मागच्या शिडीवर धडधड पावलं वाजली आणि हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. जिवंत. डोळ्याभोवती दुर्बिणीच्या नळीचा गोल वळ.

मी त्यांना मारलं. दोन्ही मुठींनी छातीवर मारलं, चाचांदेखत. “कुठं गेलते? कुठं गेलते तुमी?” माझी सगळी पुस्तकी मराठी कुठल्या कुठे पळाली होती. मला सगळ्यात मोठा हादरा कशाचा बसला सांगू? तो ‘गेला’ ह्यांनीच ओरडला होता. पाच आठवड्यांत मी माझ्या नवऱ्याचा आवाज विसरले होते. तो माझ्याच घरावरून आला आणि मला ओळखू आला नाही.

त्या रात्री पायरीवर बसून हे बोलले, उजाडेपर्यंत बोलले. झरीकडचा एक माणूस तीन दिवस रांगेत होता. त्याच्या बंडीच्या तळाशी कापूस पिवळा निघाला, ह्यांनी खालचा ग्रेड दिला. तो भांडला नाही. हात जोडून म्हणाला, “जसं तुमाले दिसलं तसं, साहेब.” आठ दिवसांनी केंद्रावर कोणीतरी सहज सांगितलं, तो गेला. तेव्हापासून हे केंद्र सुटल्यावर गावाबाहेर हायवेच्या पुलावर जाऊन बसायचे आणि येणाऱ्या ट्रकांचे दिवे पाहायचे. कशासाठी, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं.

पुलावर त्यांना शोधलं तारबाबूंनी. दिव्यांपासून लांब जागा हुडकत भटकणाऱ्या माणसालाच अंधारात बसलेला माणूस सापडणार. त्यांनी काही विचारलं नाही. नुसते शेजारी बसले आणि म्हणाले, “इथं अंधार चांगला आहे. पण माह्या स्लॅबवर बैठक आहे.” मग सांगितलं की डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, मोठे तारेसुद्धा धुकट दिसतात, ही गोष्ट कोणाला माहीत नाही. येत्या गुरुवारी सावली पांढरकवड्यावरून जायची शक्यता आहे आणि पाहायला डोळा नाही. हे म्हणाले, “माह्या डोळ्यावर भरोसा ठेवू नका, बाबूजी. त्यानं माणूस मारला.” तारबाबू म्हणाले, “डोळा खोटा नसते. त्याले उशीर असते. तो मोजता येते.” म्हणून हे चार रात्री चोरून वर जाऊन तो तारा ओळखायला शिकले. चोरून, कारण मी नाद लावू नका म्हणून बजावलं होतं. घड्याळ काढून ठेवायचा हुकूम तारबाबूंचा. रेडियमचे काटे चमकतात आणि डोळा बिघडतो, म्हणून हे सकाळीच ते फळीवर ठेवून गेले होते.

तारबाबू बऱ्याच वेळाने खाली आले. मी त्यांच्यावर तुटून पडले, हा काय शब्द आहे का ओरडायचा, या दिवसांत, या गावात! त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग हात जोडले. जन्मभर लोकांच्या दारात तोच शब्द पोचवलेल्या माणसाच्या लक्षात ही गोष्ट आली नव्हती, याने ते स्वतःच हादरलेले दिसत होते. “चूक माही. शब्द बदलतो.” ह्यांनी चाचरत विचारलं, “बाबूजी, मी तं मधातच उतरलो. तारा परत आला तवा...” तारबाबू लगेच म्हणाले, “आला ना. म्या पाह्यला. पूर्ण भेटलं.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या झरीकडच्या माणसाच्या घरी जाऊन आलो. त्या घरातलं मी इथे लिहिणार नाही. ग्रेडरचं काम ह्यांनी पुढेही केलं, पण धागा पाहताना बंडीवाल्यालाही तो पाहायला देऊ लागले. तारबाबूंनी तारघरातली जुनी पितळी कळ शोधून काढली आणि त्यानंतर शब्दाऐवजी ती ‘कट्ट’ वाजवायचं ठरवलं. आम्ही तिथे होतो तोवर ती वाजायची वेळ आली नाही. सहा वर्षांनी आमची यवतमाळला बदली झाली. निघताना मी त्यांच्या पाया पडले आणि मुद्दाम लांबलचक वाक्यात त्यांचे आभार मानले. त्यांनी मोजायचा प्रयत्न केला, मग बोटं कमी पडली म्हणून हसले.

ते गेल्याचं पत्र चाचांनी लिहिलं. मागोमाग स्वतः एक पत्र्याचा डबा घेऊन आले. “बुढ्ढ्यानं तुमच्यासाठीच ठेवलता. म्हणे, माह्यामागं द्यायचा. जिता होता तवा हात लावू देत नव्हता.” आत वही होती आणि एक कॅसेट.

कॅसेट आम्ही दोघांनी ऐकली. टिक, टिक, टिक. मग ह्यांचा तरणा आवाज, “गेला!” आणि लगेच मी. माझं ते किंचाळणं. मग “आलो! आलो!”, शिडीचा आवाज, दूर अंगणात आमची झटापट. त्यानंतर गोधडीजवळ कोणाचा तरी श्वास आणि टिकटिक. मी वाट पाहत राहिले. बाजू संपली, बटण खटकन उडालं. ‘आला’ असं कोणी म्हटलंच नव्हतं.

त्यांना दिसलं नव्हतं. धुकट डोळा नळीला लावून ते बसले असतील, आणि तारा कधीचा परत आला असेल. साऱ्या आयुष्यात एकदाच सावली त्यांच्या स्लॅबवरून गेली आणि माझ्या किंकाळीने ती अर्धी राहिली, म्हणजे फुकट गेली. सेकंदाच्या दहाव्या भागासाठी जगाशी भांडणारा माणूस माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला होता, आणि मी इतकी वर्षं ते खरं मानून स्वस्थ झोपत होते. उशीर लय, असं ते म्हणाले होतेच. मला तिथेच हुंदका फुटला.

ह्यांनी वही उघडली. त्या रात्रीच्या ओळीत ‘गेला’च्या रकान्यात वेळ होती, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत, ह्यांचा उशीर वजा करून. ‘आला’च्या रकान्यात वेळ नव्हती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं:

“तारा गेला. आल्याची वेळ नाही. निरीक्षक बायकोकडे परत आला. ठीक.”

मी अंगठा पेरांवरून फिरवला. दहा भरले.